शिबिरात यकृत-कर्करोगाची जनुक-चाचणी ठेवण्याआधी: इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य शिबिरांचे संयोजक,
इंदूरमधील मराठी मंडळे, महिला मंडळे आणि गणेशोत्सव समित्या

स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत आरोग्य शिबिरांची पत्रके छापायला जातात. साखर, रक्तदाब, डोळे, हाडे यांच्या ओळीत आता आणखी एक चाचणी बसवावी असा आग्रह होताना दिसतो. शिरेतले थोडे रक्त घ्यायचे, त्यातल्या काही जनुकांची अभिव्यक्ती मोजायची आणि यकृतात कर्करोग सुरू झाला आहे का ते सांगायचे. चाचणी महाग असते, पण देणगीदार मिळतो, पत्रकावर नाव झळकते आणि मंडळाला काही तरी नवे केल्याचे समाधान मिळते.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ही चाचणी सरसकट शिबिरात ठेवू नका. तेवढ्याच पैशात ज्यांच्या यकृताला खरोखर धोका आहे अशी माणसे शोधता येतात. त्यांच्यासाठी दर सहा महिन्यांनी काय करायचे, हे वैद्यकशास्त्रात ठरलेलेच आहे. मात्र ती माणसे कोण, हेच कोणाला ठाऊक नसते. मंडळ कामाला येते ते इथे.

जनुक-अभिव्यक्तीचे विज्ञान खोटे आहे असे मात्र कोणी समजू नये. पेशीपेशीत जनुकांचा संच तोच असतो, पण कोणते जनुक किती राबते ते पेशीगणिक आणि तासागणिक बदलते. राबणाऱ्या जनुकाची चालू नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. गाठीजवळून फिरून आलेल्या पांढऱ्या पेशींत काही जनुके वर जातात, काही खाली येतात. प्लेटलेट गाठीकडून आरएनए उचलतात. दुखावलेल्या यकृतपेशींतून सूक्ष्म आरएनए (मायक्रो-आरएनए) प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशींविना पातळ भागात, उतरतो. या तिन्ही ठिकाणी खुणांचा शोध चालू आहे. २०११ मध्ये चीनमधील एका मोठ्या अभ्यासाने प्लाझ्मातले सात सूक्ष्म आरएनए एकत्र मोजून हिपॅटायटिस बीच्या रुग्णांतला कर्करोग ओळखून दाखवला, आणि निकाल आशादायक होते. त्या सातांतला मायआर-१२२ हा यकृताचा खास. यकृतपेशीतल्या सूक्ष्म आरएनएपैकी सुमारे ७० टक्के वाटा त्या एकट्याचा. पण मेख तिथेच आहे. यकृतपेशी विषाणूने फुटो, दारूने फुटो की चरबीने, मायआर-१२२ रक्तात येतोच. धूर दिसतो, चूल पेटली आहे की घर, ते त्यावरून कळत नाही.

संपूर्ण रक्तातला आरएनए मोजला तर अडचण वेगळी. तिथे मोजणी होते ती मुख्यत: पांढऱ्या पेशींची. या पेशींतले न्यूट्रोफिल हे प्रकार वाढले आणि लिम्फोसाइट कमी झाले, तर लिम्फोसाइटमधले प्रत्येक जनुक 'खाली गेले' असे दिसते. प्रत्यक्षात जनुकाने काहीच केलेले नसते, पेशीच कमी असतात. स्टेरॉइडची गोळी काही तासांत हे प्रमाण बदलते. साधा ताप बदलतो. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होते तेव्हा, प्लीहा वाढते आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट दोन्ही घटतात. यकृताच्या पेशींचा कर्करोग बहुतेक वेळा सिरोसिस झालेल्या यकृतातच उगवत असल्यामुळे, कर्करोगाची म्हणून सापडलेली खूण मुळात वाढलेल्या प्लीहेची असू शकते. आणि शिबिर भाद्रपदात, म्हणजे ऐन डेंग्यूच्या दिवसांत. डेंग्यूतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या रक्तात कोणती जनुके वरखाली झाली आहेत, याचा हिशेब शिबिराच्या टेबलावर कोण ठेवणार?

आता त्या आकर्षक टक्केवारीविषयी. माणसाची प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,०००. समजा ४० रुग्ण आणि ४० निरोगी माणसे घेतली आणि प्रत्येक जनुकासाठी 'फरक आहे का' हे शंभरात पाच चुका चालतील अशा कसोटीने पाहिले, तर काहीही नसताना निव्वळ योगायोगाने १,००० जनुके 'वेगळी' निघतील. त्यांतली सर्वांत देखणी पाच निवडून त्याच ८० माणसांवर पुन्हा तपासली की अचूकता ९५ टक्के येणारच. म्हणून खुणांचा संच एका गटात शोधायचा, सूत्र आणि सीमारेषा गोठवायची, आणि मग दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या, आधी न पाहिलेल्या रुग्णांवर ती तपासायची, असा दंडक आहे. तुलना कोणाशी केली हे त्याहून महत्त्वाचे. पंचविशीतला रक्तदाता आणि साठीतला सिरोसिसचा कर्करोगी यांत फरक ओळखायला जनुके कशाला हवीत, चेहरा पुरे. खरी परीक्षा म्हणजे त्याच वयाचा, त्याच कारणाने सिरोसिस झालेला, पण कर्करोग नसलेला रुग्ण समोर ठेवणे. त्यातही कर्करोग्यांचे रक्त रुग्णालयात एका प्रकारच्या ट्यूबमध्ये काढलेले आणि निरोग्यांचे शिबिरात दुसऱ्या ट्यूबमध्ये, असे झाले की संगणक गाठ ओळखायला शिकत नाही, ट्यूब ओळखायला शिकतो.

ट्यूबचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबतो, कारण शिबिरात सर्वाधिक बिघडते ते इथेच, आणि बिघडलेले दिसत नाही. साखरेचे सॅम्पल खराब झाले तर निदान आकडा विचित्र येतो. आरएनएचे सॅम्पल खराब झाले तरी यंत्र व्यवस्थित आकडा देते, फक्त तो रुग्णाचा नसतो.

जांभळ्या झाकणाच्या साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही, पण पेशी जिवंत राहतात आणि नव्या परिस्थितीला प्रतिसाद देत बसतात. काही तासांतच दाहाशी आणि ताणाशी निगडित जनुके वर चढतात. बर्फात ठेवले तरी हे पूर्ण थांबत नाही. हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब तर घेऊच नये. हेपॅरिन पुढे पीसीआरच्या (जनुकाच्या प्रती चक्राचक्राने वाढवून मोजण्याच्या पद्धतीच्या) विकराला अडवते. संपूर्ण रक्तातल्या आरएनएसाठी पेशी तिथल्या तिथे फोडून आरएनए स्थिर करणारी खास ट्यूब लागते. पॅक्सजीन ट्यूबमध्ये २.५ मिली रक्त जाते, टेम्पसमध्ये ३ मिली. पॅक्सजीन ट्यूब इतर सर्व ट्यूबांनंतर शेवटी भरायची. तेवढी एकच भरायची असेल तर आधी एक टाकून द्यायची ट्यूब लावून नळीतली हवा आणि पहिले रक्त काढून टाकायचे, नाहीतर रक्त कमी भरते आणि रसायनाशी त्याचे प्रमाण चुकते. हात खाली, ट्यूब हाताच्या खाली उभी, म्हणजे रसायन उलटे शिरेकडे जाणार नाही. रक्ताची धार थांबेपर्यंत ट्यूब ओढायची नाही. मग ८ ते १० वेळा हळुवार उलटीपालटी करायची. टेम्पसचे उलट आहे, ती जोरात हलवावी लागते. एकीची सवय दुसरीला लावली की सॅम्पल गेले. पॅक्सजीन ट्यूब १८ ते २५ अंशांत ३ दिवस आणि २ ते ८ अंशांत ५ दिवस टिकते. आपल्याकडचे शिबिर उन्हाळ्यात मांडवात असेल तर पारा ४० च्या पुढे. ट्यूबांची पेटी टेबलाखाली 'सावलीत' ठेवली म्हणून १८ ते २५ होत नाही. गोठवायची असेल तर जाळीच्या तारेच्या स्टँडमध्ये, आधी उणे २० अंशांत आणि मग उणे ७० मध्ये. थर्माकोलच्या स्टँडमध्ये ट्यूब तडकते.

प्लाझ्मातले सूक्ष्म आरएनए मोजायचे असतील तर घड्याळ आणखी कडक. ईडीटीए रक्त साधारण दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, वरचा प्लाझ्मा तळाला न डिवचता उचलायचा आणि अधिक वेगाने पुन्हा फिरवायचा. दुसरी फेरी गाळली तर प्लाझ्मात प्लेटलेट राहतात, गोठवून वितळताना फुटतात आणि आपला आरएनए त्यात ओततात. लाल पेशी फुटल्या तर त्याहून वाईट, कारण मायआर-४५१ए त्यांच्यात भरभरून असतो. बारीक सुई, पिस्टन जोरात दाबणे, पट्टा मिनिटभराहून जास्त बांधून ठेवणे, स्पिरिट वाळण्याआधी टोचणे ही त्याची रोजची कारणे. गुलाबी झाक डोळ्यांना दिसण्याआधीच नुकसान झालेले असते. म्हणून ४१४ नॅनोमीटरवर शोषण ०.२ च्या वर आहे का ते पाहतात, किंवा मायआर-२३ए आणि मायआर-४५१ए यांच्या पीसीआरमधल्या चक्रसंख्येतला फरक ७-८ च्या वर गेला का ते तपासतात.

पुढच्या पायऱ्या प्रयोगशाळेच्या आहेत, पण प्रश्न विचारता यावेत म्हणून सांगतो. आरएनए काढल्यावर तो किती शाबूत आहे याचा निर्देशांक १ ते १० मध्ये येतो. ७ च्या खालचे नमुने सहसा बाजूला ठेवतात. डीएनए नष्ट करणारी पायरी गाळली तर पीसीआर डीएनएच मोजत बसतो. संपूर्ण रक्तातल्या संदेशवाहक आरएनएचा मोठा हिस्सा, कधी ७० टक्क्यांपर्यंत, हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकांचा असतो. सगळी जनुके वाचायची असतील तर तो आधी हटवावा लागतो. पीसीआरमध्ये एका चक्राचा फरक म्हणजे दुप्पट प्रमाण, त्यामुळे पिपेटची बारीकशी चूकही 'जनुक दुप्पट वाढले' अशी वाचली जाते. तुलनेसाठी स्थिर मानलेले जनुक एकच आणि तेही जीएपीडीएच असेल तर सावध व्हा. पांढऱ्या पेशींत तेही हलते.

हे सगळे बिनचूक झाले असे धरू. तरी गणित शिबिराच्या विरोधात जाते. समजा चाचणी ९० टक्के कर्करोग पकडते आणि कर्करोग नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते. शिबिरातल्या १,००० सर्वसाधारण लोकांत एखाद्याला यकृताचा कर्करोग असला तर असेल. पण सुमारे १०० जणांच्या हातात 'संशयास्पद' असा कागद पडेल. त्यांना कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे, गाठ उठून दिसावी म्हणूनचे द्रव्य) देऊन सीटी किंवा एमआरआय, त्याचा खर्च, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना कॉन्ट्रास्टची धास्ती, आणि घरात पंधरा दिवस जेवण गोड न लागणे. हीच चाचणी सिरोसिसच्या १,००० रुग्णांवर केली आणि त्यांतल्या २० जणांना कर्करोग आहे असे धरले, तर १८ सापडतील, ९८ जणांना खोटा इशारा मिळेल, २ निसटतील. म्हणजे ११६ इशाऱ्यांत १८ खरे. हे कामाचे प्रमाण आहे. चाचणी तीच, माणसे बदलली.

आजची सर्वमान्य पद्धत ही अशा निवडक लोकांसाठीच आहे: दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी आणि रक्तात एएफपी (यकृताच्या कर्करोगात बरेचदा वाढणारे एक प्रथिन). सहाच महिने का, तर गाठीचा आकार दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. वर्षभर थांबले तर दोन सेंटिमीटरची गाठ उपचाराच्या सोप्या टप्प्याबाहेर जाऊ शकते. शांघायमध्ये हिपॅटायटिस बीच्या १८,८१६ लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. सहामाही तपासणीच्या गटात यकृत-कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. पद्धत निर्दोष नाही. सिरोसिसच्या रुग्णांत सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोग एकट्या सोनोग्राफीला निम्म्याहून कमी वेळा दिसतो, एएफपी जोडल्यावर सुमारे ६३ टक्के. उरलेली फट बुजवायलाच नव्या खुणा हव्या आहेत. लिंग, वय, एएफपी, आणि एएफपी-एल३ व डीसीपी ही रक्तातली आणखी दोन प्रथिने यांवरून गुण काढणारी गॅलॅड पद्धत आणि डीएनएवरच्या मिथाइल खुणा मोजणाऱ्या चाचण्या या बाबतीत आरएनएच्या पुढे आहेत. त्यांचाही वापर धोक्याच्या गटातच.

मग शिबिरात काय करायचे?

नोंदणीच्या टेबलावर साखरेच्या आधी सहा-सात प्रश्न विचारा. पूर्वी कधी रक्त चढवले आहे का, डायलिसिस चालू आहे का, आई किंवा भावंडांना हिपॅटायटिस बी आहे का, घरात कोणाला यकृताचा कर्करोग झाला का, दारू किती आणि किती वर्षे, मधुमेह आणि पोटाचा घेर. दारूचा प्रश्न शेजारीपाजारी उभे असताना विचारू नका. आपल्याकडे त्याचे खरे उत्तर मांडवात मिळत नाही. मग एक ईडीटीए ट्यूब आणि एक पिवळ्या झाकणाची जेल ट्यूब. त्यातून एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची तपासणी), अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीची), एएसटी व एएलटी (यकृतपेशी दुखावल्या की वाढणारी विकरे) आणि प्लेटलेट. बस्स.

शेवटच्या तीन आकड्यांतून आणि वयातून फिब-४ हा यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा निघतो: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचे वर्गमूळ. प्लेटलेट इथे हजारांत घालायचे. आपल्याकडचा रिपोर्ट १.२ लाख म्हणतो. सूत्रात १२० जायला हवेत, १.२ घातले की उत्तर शंभरपट फुगते आणि अख्ख्या मंडळाला सिरोसिस होतो. उदाहरण: वय ५८, एएसटी ६०, एएलटी ४९, प्लेटलेट १.२ लाख. वर ३,४८०, खाली १२० गुणिले ७ म्हणजे ८४०, उत्तर ४.१४. हा माणूस त्याच आठवड्यात यकृततज्ज्ञाकडे जायला हवा. वय ४४, एएसटी ३६, एएलटी ३६, प्लेटलेट २.४ लाख असेल तर १.१, म्हणजे घाई नाही. १.३ च्या खाली धोका कमी (पासष्टीनंतर ही रेषा २ धरतात), २.६७ च्या वर जास्त, मधल्यांना फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी. पस्तिशीच्या आतल्यांसाठी हे सूत्र भरवशाचे नाही. आणि पुन्हा डेंग्यू: त्यात प्लेटलेट पडतात, एएसटी वाढते, फिब-४ उगाच उसळतो. गेल्या महिन्याभरात ताप आलेल्यांचा हिशेब नंतर करा. कधी ईडीटीएमुळे प्लेटलेटांचे गठ्ठे होतात आणि यंत्र कमी मोजते. आकडा फार कमी आला तर स्लाइडवर पाहून घ्या.

सोनोग्राफी मशीन हॉलवर आणण्याचा विचार मात्र नको. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली मशीन नोंदणीकृत जागेशी बांधलेले असते. निवडलेल्यांना नोंदणीकृत केंद्राची वेळ ठरवून द्या, किमान सहा तास उपाशीपोटी. नोंदणीच्या टेबलाशेजारी पोह्यांची कढई आणि जिलबी ठेवण्याचा आपला इंदुरी शिरस्ता सोनोग्राफीच्या दिवशी तरी मोडायला हवा. खाल्ल्यावर पित्ताशय आक्रसते, पोटात वायू धरतो आणि यकृताचा डावा भाग झाकला जातो.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलेल्यांचे नाव माइकवरून पुकारू नका, व्हॉट्सॲप गटावर यादी टाकू नका. बंद पाकीट, वेगळी खोली, पाच मिनिटे बोलणे. एका ताटात जेवल्याने हिपॅटायटिस बी होत नाही, हे तिथेच सांगा. घरच्यांची तपासणी आणि ०, १ व ६ महिन्यांची लस ठरवून टाका. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे आजार चालू आहेच असे नाही. विषाणूचा आरएनए मोजावा लागतो. २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. सीचा विषाणू बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो, पण सिरोसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही सहामाही तपासणी सुटत नाही. 'बरा झालो' म्हणून यादीतून नाव काढणारे रुग्ण याच ठिकाणी फसतात.

ही यादीच मंडळाचे खरे काम. एक वही किंवा शीट: नाव, फोन, धोक्याचे कारण, शेवटच्या सोनोग्राफीची तारीख, एएफपीचा आकडा आणि त्याचे एकक, पुढची तारीख. एकक लिहा, कारण एक प्रयोगशाळा नॅनोग्रॅम देते, दुसरी आंतरराष्ट्रीय एकक, आणि १ एकक म्हणजे सुमारे १.२ नॅनोग्रॅम. प्रयोगशाळा बदलली की आकडा वाढल्यासारखा दिसतो. एएफपी मिलीलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर किंवा वाढत चाललेली, अथवा एक सेंटिमीटर वा त्याहून मोठी नवी गाठ, तर कॉन्ट्रास्टसह सीटी किंवा एमआरआय. त्याहून लहान गाठ असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. गर्भारपणातही एएफपी वाढते, हे टेबलावरच्या मंडळींना माहीत असू द्या.

जनुक-चाचणीवाल्यांना परत पाठवा असे आम्ही म्हणत नाही. त्यांना विचारा: तुलनेच्या गटात सिरोसिसचे रुग्ण होते का? सूत्र गोठवल्यावर वेगळ्या शहरात तपासले का? दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठी किती पकडल्या? ट्यूब कोणती, वाहतुकीचे तापमान कोण नोंदवते, खराब नमुना परत पाठवता की आकडा देऊन मोकळे होता? उत्तरे असतील आणि संशोधन करायचे असेल, तर तुमच्या यादीतल्या लोकांसाठी त्यांनी संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लेखी संमती आणि मराठी-हिंदीत माहितीपत्रक घेऊन यावे. पैसे त्यांनी रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. दर सहा महिन्यांना सोनोग्राफीच्या दिवशीच एक ट्यूब जास्तीची. असे साठवलेले, कर्करोग दिसण्याच्या आधीचे रक्त या क्षेत्रात फार दुर्मीळ आहे. खूण गाठीच्या आधी दिसते की नंतर, ते त्याच रक्तातून ठरेल, एका रविवारच्या गर्दीतून नाही.

यादीचा नमुना आणि फिब-४ आपोआप काढणारी शीट आम्ही देऊ. रक्त काढणाऱ्या स्वयंसेवकांसाठी शिबिराच्या आधी एक संध्याकाळ ठेवा. ट्यूबांचा क्रम, पट्ट्याचा वेळ आणि सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात टाकणे एवढे तासाभरात शिकवून होते. रिकाम्या ट्यूबा आम्ही आणू, हात तुमचे हवेत.

आपले,
यकृतरोग आणि रक्तपेढी-प्रयोगशाळा क्षेत्रात काम करणारे इंदूरचे काही मराठी डॉक्टर व तंत्रज्ञ